शरदातील नित्य उपासना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीचे विसर्जन झाले की घरगुती उपासनेविषयीचे प्रश्न येऊ लागतात आणि ते त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत येतच राहतात. त्यांपैकी जे दरवर्षी नव्याने विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उत्तरे देताना महाराष्ट्रातील पंचांग आणि सर्वसाधारण घरगुती रीत गृहीत धरली आहे. आपल्या घरचा कुळाचार याहून वेगळा असेल, तर तोच प्रमाण मानावा.

१. शरद ऋतू नेमका कधीपासून कधीपर्यंत धरायचा?

आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने म्हणजे शरद ऋतू. इंग्रजी महिन्यांच्या हिशेबाने तो साधारण सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत येतो. २२ किंवा २३ सप्टेंबरला शरद संपात असतो. त्या दिवशी दिवस व रात्र जवळजवळ समान असतात आणि तेथून पुढे रात्र वाढत जाते. या ऋतूतील बहुतेक उपासना दिव्याभोवती का फिरते, याचे उत्तर मला या वाढत्या रात्रीत दिसते. पितृपक्ष भाद्रपद वद्य पक्षात येत असल्यामुळे काटेकोरपणे पाहता तो शरदात मोडत नाही. परंतु या साधनेचा उंबरठा तोच आहे, म्हणून त्याविषयीचे प्रश्नही येथे घेतले आहेत.

२. उत्तरेकडचे शेजारी पितृपक्षाला आश्विनातला म्हणतात आणि दिवाळीला कार्तिकातली. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. आपल्याकडे महिना अमावस्येला संपतो, तर उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात महिन्याचे नाव दोन्हीकडे एकच राहते आणि वद्य पक्षात ते एका महिन्याने पुढे जाते. तिथी आणि प्रत्यक्ष दिवस एकच असतात.

३. रोज जेमतेम दहा मिनिटे मिळतात. तेवढ्यात काय करावे?

दहा मिनिटे पुरेशी आहेत. पाच सकाळी आणि पाच दिवेलागणीला.

सकाळी अंथरुणातच दोन्ही तळहात समोर धरून ‘कराग्रे वसते लक्ष्मीः’ हा श्लोक म्हणावा आणि जमिनीला पाय लावण्यापूर्वी ‘पादस्पर्शं क्षमस्व मे’ म्हणून तिची क्षमा मागावी. स्नानानंतर तांब्याभर पाणी घेऊन पूर्वेकडे तोंड करून सूर्याला अर्घ्य द्यावे. तांब्या छातीच्या उंचीवर धरून पाण्याची धार सावकाश सोडली, तर कोवळे ऊन त्या धारेतून पलीकडे जाताना दिसते. त्या वेळी डोळे मिटून न घेता धारेकडे पाहावे. अंगण नसेल तर खिडकीत ताम्हन ठेवून त्यात अर्घ्य द्यावे आणि ते पाणी नंतर झाडाला घालावे. अर्घ्य देताना पुढील प्रश्नात सांगितलेला शरदाचा मंत्र म्हणावा.

संध्याकाळी देवापुढे आणि शक्य असल्यास तुळशीपुढे दिवा लावून ‘शुभं करोति’ म्हणावे. त्यानंतर दोन मिनिटे काही न बोलता दिव्याजवळ बसावे. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

४. शरद ऋतूचा असा खास मंत्र कोणता?

‘पश्येम शरदः शतं जीवेम शरदः शतम्’. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात हा मंत्र सूर्याला उद्देशून आलेला आहे. आपण शंभर पावसाळे पाहिले म्हणतो, तसे वेदकाळात आयुष्य शरदांनी मोजत असत. मंत्रातील ‘शरद’ म्हणजे वर्ष. एक शरद पार पडला, म्हणजे एक वर्ष निभावले.

शुक्ल यजुर्वेदात हाच मंत्र विस्ताराने येतो. शंभर शरद पाहू, शंभर शरद जगू, शंभर शरद ऐकू, शंभर शरद बोलू. आणि त्यापुढे ‘अदीनाः स्याम शरदः शतम्’, म्हणजे शंभर शरद कोणापुढे दीन न होता राहू. वयस्कर मंडळींना हा चरण फार जवळचा वाटतो, असा माझा अनुभव आहे. नुसते दीर्घायुष्य मागितलेले नाही. डोळे, कान, वाणी शाबूत असावी आणि कोणाचे मिंधे होऊ नये, हेही मागितले आहे. आईवडील अंथरुणाला खिळलेले असतील, तर त्यांच्या उशाशी बसून हा चरण त्यांच्यासाठी म्हणावा. त्याला कोणतेही साहित्य लागत नाही.

५. मंत्र म्हणण्यासाठी दीक्षा घ्यावी लागते का? उच्चार चुकला तर दोष लागतो का?

स्तोत्रे, आरत्या, श्लोक आणि ‘श्रीराम जय राम जय जय राम’ यांसारखे नाममंत्र यांना दीक्षा लागत नाही. नवार्ण मंत्रासारखे बीजाक्षरी मंत्र मात्र गुरूकडून घेऊनच जपावेत असा संकेत आहे. तो पाळावा, आणि चित्रफितीतून ऐकून असे जप सुरू करू नयेत. वैदिक मंत्रांना स्वर असतात. ते जाणकाराकडून एकदा ऐकून बसवावेत. तोपर्यंत अर्थ मराठीत म्हटला तरी चालतो. उच्चार चुकल्याने काही वाईट घडेल, ही भीती मनातून काढून टाकावी. चूक कळल्यावर ती सुधारावी, एवढेच.

६. पितृपक्षात रोजची देवपूजा बंद ठेवायची असते का?

नाही. विवाह, मुंज, वास्तुशांत यांसारखी मंगलकार्ये या पंधरवड्यात करत नाहीत. नित्य पूजा, दिवा, जप हे सर्व नेहमीप्रमाणे चालू ठेवावे. श्राद्ध गेलेल्या व्यक्तीच्या तिथीला करतात. तिथी माहीत नसेल, किंवा त्या दिवशी राहून गेले असेल, तर सर्वपित्री अमावस्या असतेच. आईच्या वडिलांचे श्राद्ध नातवाने आश्विन शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे घटस्थापनेच्याच दिवशी करण्याची रीत आहे. एकाच दिवशी दोन्ही आले म्हणून गोंधळून जाऊ नये.

७. श्राद्ध करायला पैसे नाहीत, गुरुजी मिळत नाहीत, नोकरीमुळे सुट्टी नाही. मग काय करावे?

हा प्रश्न ज्या शब्दांत विचारला जातो, त्यात बहुतेकदा अपराधीपणा असतो. म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशातील चौदाव्या अध्यायात और्व ऋषी सगर राजाला श्राद्धाविषयी सांगतात. तेथे एकेक पायरी उतरत जाते. ऐपत असेल त्याने दानधर्म करावा; नसेल त्याने यथाशक्ती अन्न द्यावे; तेही नसेल तर मूठभर तीळ द्यावेत, तिळमिश्रित पाण्याच्या ओंजळी द्याव्यात, किंवा गाईला चारा घालावा. आणि यातले काहीच शक्य नसेल, त्याने रानात जाऊन दोन्ही हात वर करून सूर्यादी लोकपालांना मोठ्याने सांगावे: ‘न मेऽस्ति वित्तं न धनं च नान्यत्’, माझ्याकडे वित्त नाही, धन नाही, श्राद्धाला लागणारे दुसरे काही नाही, मी पितरांना नमस्कार करतो, माझ्या भक्तीनेच ते तृप्त होवोत, हे पाहा, माझे दोन्ही हात मी वाऱ्याच्या वाटेवर उभारले आहेत.

शास्त्रानेच रिकाम्या हातांची सोय करून ठेवली आहे. कामावर जाण्यापूर्वी गच्चीवर जाऊन, दक्षिणेकडे तोंड करून, तांब्यात काळे तीळ घालून तीन ओंजळी पाणी द्यावे. ते उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून सोडावे, आणि वडील, आजोबा, पणजोबा यांची नावे घ्यावीत. आई, आजी, पणजी यांचीही घ्यावीत. नावे ठाऊक नसतील तर घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवावीत. पुष्कळ घरांत पणजीचे नाव कोणालाच आठवत नाही.

८. आमच्याकडे घट बसत नाहीत. तरी नवरात्रात रोज काही करता येईल का?

अवश्य करता येईल. घटस्थापना हा कुळाचार आहे. देवीची उपासना सर्वांसाठी खुली आहे. रोज एक दिवा, एक फूल किंवा झेंडूची लहानशी माळ आणि थोडे वाचन एवढे पुरे. दुर्गासप्तशतीचे तेरा अध्याय आणि तीन चरित्रे आहेत: पहिल्या चरित्रात पहिला अध्याय, मध्यम चरित्रात दुसरा ते चौथा आणि उत्तम चरित्रात पाचवा ते तेरावा. पूर्ण पाठ झेपत नसेल, तर पाचव्या अध्यायातील ‘या देवी सर्वभूतेषु’ ही स्तुती रोज म्हणावी. त्यात देवी बुद्धी, निद्रा, क्षुधा, छाया, लज्जा, दया अशा अनेक रूपांत प्राण्यांच्या ठायी राहते असे सांगितले आहे. रोज त्यांतले एक रूप निवडावे आणि दिवसभर ते आपल्यात आणि समोरच्या माणसात ओळखण्याचा प्रयत्न करावा. क्षुधेच्या दिवशी कोणा भुकेल्याला जेवू घालावे, निद्रेच्या दिवशी घरात राबणाऱ्या बाईला दुपारी तासभर निजू द्यावे. हा पाठाला पर्याय नाही. परंतु ज्या घरांनी हे केले, त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा केले.

९. अखंड दिवा मध्येच विझला. काही अशुभ होईल का?

होणार नाही. दिवा विझतो तो तेल संपल्याने, वारा लागल्याने, वात आखूड झाल्याने किंवा वातीवर काजळी साचल्याने. देवीला नमस्कार करून तो पुन्हा लावावा.

विझू नये म्हणून जुनी युक्ती अशी: वात लांब आणि पिळदार घ्यावी, तेल निम्म्यावर येताच घालावे, आणि काजळी झाडण्यापूर्वी त्याच ज्योतीवर एक निरांजन लावून बाजूला ठेवावे. वात सारताना मुख्य ज्योत गेली, तरी निरांजनावरून ती परत लावता येते आणि दिवा अखंडच राहतो. दिवा पडद्यापासून दूर, ताटात किंवा परातीत ठेवावा. रात्री घरात कोणी जागे नसेल, लहान मुले असतील किंवा घर बंद करून बाहेर जायचे असेल, तर अखंड दिव्याचा संकल्पच करू नये. सकाळ-संध्याकाळ लावलेला दिवा देवीला तितकाच पोहोचतो.

१०. एखाद्या वर्षी नवरात्र आठ किंवा दहा दिवसांचे येते. माळा किती घालायच्या?

तिथीची लांबी सूर्योदयाशी जुळत नाही, त्यामुळे कधी तिथीचा क्षय होतो, कधी वृद्धी. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला आणि दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे नवरात्र दहा दिवसांचे झाले. जितके दिवस घट असतील तितक्या माळा घालाव्यात. नऊचा आकडा ओढूनताणून जुळवू नये.

अधिक मास आला तर आणखी वेगळी स्थिती होते. २०२० मध्ये आश्विन अधिक होता. सर्वपित्री अमावस्या १७ सप्टेंबरला झाली आणि घटस्थापना थेट १७ ऑक्टोबरला. अशा वेळी अधिक महिन्यात नित्य उपासना आणि दान चालू ठेवावे. नवरात्र मात्र निज आश्विनातच करावे.

११. उपास करावाच लागतो का? मला मधुमेह आहे.

मधुमेह, गरोदरपण, आम्लपित्त किंवा नियमित औषधे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये, आणि औषध चुकवून तर कधीच करू नये. आयुर्वेदाप्रमाणे शरदात पित्ताचा प्रकोप होतो. म्हणून दिवसभर कडकडीत उपाशी राहून संध्याकाळी तळलेले साबुदाणा वडे खाणे, हे या ऋतूला सर्वांत न मानवणारे आहे.

व्रतांमध्ये पूर्ण उपोषणाखेरीज सौम्य प्रकारही सांगितले आहेत: एकभुक्त म्हणजे दिवसा एकदाच जेवणे, नक्त म्हणजे रात्री एकदाच जेवणे, आणि अयाचित म्हणजे न मागता पुढ्यात येईल तेवढेच खाणे. अयाचित हे मला या सर्वांत कठीण वाटते. नऊ दिवस ‘मीठ कमी आहे’ असेही न म्हणता ताटातले खाऊन पाहावे.

१२. कोजागरीला दूध चांदण्यात का ठेवतात? ग्रहण असेल तर काय करावे?

आश्विन पौर्णिमेच्या मध्यरात्री लक्ष्मी ‘को जागर्ति’, म्हणजे ‘कोण जागे आहे?’ असे विचारत फिरते, अशी श्रद्धा आहे. त्या रात्री लक्ष्मी आणि इंद्र यांचे पूजन करून आटवलेल्या दुधाचा नैवेद्य चंद्राला दाखवतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सहाव्या अध्यायात, शरदात प्रदोषकाळचे चांदणे हितकर सांगितले आहे. तेथेच ‘हंसोदका’चेही वर्णन आहे: दिवसा सूर्यकिरणांनी तापलेले, रात्री चंद्रकिरणांनी निवलेले आणि अगस्त्य ताऱ्याच्या उदयाने निर्विष झालेले शरदातले निर्मळ पाणी. दूध ठेवताना पातेल्यावर पातळ स्वच्छ फडके बांधावे आणि ते फार वेळ बाहेर ठेवू नये.

२८ ऑक्टोबर २०२३ च्या कोजागरीला मध्यरात्रीनंतर खंडग्रास चंद्रग्रहण होते, तेव्हापासून ग्रहणाचा प्रश्न सतत येतो. ग्रहण पाळणाऱ्यांनी पूजा व नैवेद्य करून दूध प्रसाद म्हणून चमचाभर घ्यावे, आणि मेळावा दुसऱ्या दिवशी करावा. ग्रहणकाळात जप अवश्य करावा. आजारी माणसे, लहान मुले आणि गर्भवती यांना उपाशी ठेवू नये.

१३. दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावू नये म्हणतात, मग धनत्रयोदशीला तोच का लावतात?

कारण तो यमाचा दिवा आहे आणि यम दक्षिण दिशेचा स्वामी आहे. वर्षभर घरातला दिवा दक्षिणाभिमुख ठेवत नाहीत. आश्विन वद्य त्रयोदशीच्या संध्याकाळी मात्र कणकेचा दिवा तेलवात घालून घराबाहेर, ज्योत दक्षिणेकडे करून ठेवतात आणि ‘मृत्युना पाशदण्डाभ्यां कालेन श्यामया सह। त्रयोदश्यां दीपदानात् सूर्यजः प्रीयतां मम॥’ म्हणतात. पाश, दंड, काल आणि श्यामा यांच्यासह सूर्यपुत्र यम या दीपदानाने प्रसन्न होवो, असा त्याचा अर्थ आहे. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले असेल, तेथेही हा दिवा लावावा. फराळ आणि रोषणाई टाळली तरी यमदीप टाळण्याचे कारण नाही.

१४. कार्तिकात रोज करण्यासारखे सोपे काय?

तीन गोष्टी. पहाटे लवकर उठून स्नान आणि नामस्मरण. गावात विठ्ठलमंदिर असेल तर काकडआरतीला जावे. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आकाशदिवा. आकाशकंदील ही आता शोभेची वस्तू झाली आहे, परंतु मुळात ते दीपदान आहे. ‘दामोदराय नभसि’ या श्लोकाने आकाशातील दामोदराला तो अर्पण करतात. बटण दाबताना नुसते ‘दामोदराय नमः’ म्हटले, तरी तो कंदील उपासनेत येतो.

कार्तिक शुद्ध एकादशीला चातुर्मास संपतो आणि पंढरपूरला कार्तिकी वारी भरते. द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत सोयीच्या दिवशी तुळशीचे लग्न लावतात.

१५. शंकराला तुळस आणि विष्णूला बेल वाहिलेला चालतो का?

एरवी शंकराला बेल आणि विष्णूला तुळस. कार्तिक शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे वैकुंठ चतुर्दशीला, हे उलट होते: विष्णूला बेल आणि शंकराला तुळस वाहतात. तुळशीची पाने द्वादशीला आणि रविवारी तोडत नाहीत. लागणारी पाने आदल्या दिवशीच काढून ठेवावीत.

१६. सुतक आले किंवा मासिक पाळी आली, तर चालू असलेली उपासना मोडते का?

सुतकाविषयीचा धर्मशास्त्राचा नियम स्पष्ट आहे: व्रत, जप, अर्चन सुरू झाल्यानंतर सुतक आले, तर सुरू केलेल्याला ते बाधत नाही, सुरू होण्यापूर्वी आले तर बाधते. घट बसल्यावर सुतक आले, तर पूजा घराबाहेरच्या व्यक्तीकडून करवून घेण्याची रीत आहे. नामस्मरण कोणत्याही स्थितीत थांबत नाही.

मासिक पाळीबाबत घरोघरी रीत निराळी आहे. माझे मत विचारत असाल, तर हा निर्णय त्या स्त्रीचा असावा. तिला विश्रांती हवी असेल तर दिवा घरातल्या दुसऱ्या कोणीही लावावा, आणि तिला स्वतः लावायचा असेल तर कोणी तिचा हात धरू नये. गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलण्याचा खटाटोप केवळ पूजेसाठी करू नये, हे मात्र मी आग्रहाने सांगेन.

१७. दृष्ट काढणे, लिंबू-मिरची, धनप्राप्तीचे तोडगे यांपैकी शरदात काय करावे?

मीठ-मोहरीने दृष्ट काढणे ही आजीच्या मायेची कृती आहे. ती तेवढ्याच भावनेने करावी, आजारावरचा उपचार म्हणून नव्हे. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या वेळी आघाड्याची फांदी अंगावरून फिरवतात, त्या श्लोकात मागणे पापनाशाचे आहे, कोणाच्या वाइटाचे नाही. तोडगा उपासनेचा आहे की नाही हे ओळखताना मी हीच कसोटी लावतो.

अमावस्येची भीती घालून, ‘कोणीतरी करणी केली आहे’ असे सांगून पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे आणि अशी फसवणूक त्याखाली गुन्हा ठरू शकते. पोलिसांत तक्रार करता येते. घरची पूजा, वारी, प्रदक्षिणा, कीर्तन यांना हा कायदा आडकाठी करत नाही.

१८. आम्ही परदेशात राहतो. तिथी कोणती धरावी, आणि येथे तर आता वसंत आहे?

तिथी राहत्या ठिकाणच्या सूर्योदयावरून धरावी. म्हणून अमेरिकेतील सण कधी भारताच्या एक दिवस आधी येतो. त्या गावासाठी केलेले पंचांग वापरावे. दक्षिण गोलार्धात आश्विनात वसंत असतो. तरी पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी तिथीप्रमाणेच करावी, कारण ही व्रते चांद्रमासाशी बांधलेली आहेत. चौथ्या प्रश्नातील मंत्र तेथेही जसाच्या तसा म्हणावा.

धुराची सूचना देणारी यंत्रे असलेल्या घरात उदबत्ती व कापूर टाळून तुपाचे निरांजन लावावे. भाडेकरारात ज्योतीला मनाई असेल, तर विजेचा दिवा लावून श्लोक म्हणावा. आपट्याची पाने तेथे मिळणार नाहीत. दसऱ्याला अंगणातील किंवा बागेतील गळून पडलेले कोणतेही स्वच्छ पान थोरांच्या हाती देऊन नमस्कार करावा.

१९. मध्येच चार दिवस खंड पडला. पहिल्यापासून सुरू करावे का?

नित्य उपासनेत मोजणी नसते, त्यामुळे पहिल्यापासून असे काही नाही. आज दिवेलागणीला दिवा लावावा. संख्येचा संकल्प केलेला जप असेल, तर जेथे थांबला तेथून पुढे मोजावा आणि राहिलेले दिवस शेवटी भरून काढावेत. नवरात्राचे वाचन राहिले असेल तर ते कोजागरीपर्यंत पूर्ण करावे. पितृपक्षातील तिथी चुकली असल्यास सहावा प्रश्न पाहावा.